सगळ्या वाड्यांची एक मिरची

सातव्या ओळीतल्या मिरच्या मोजून झाल्यावर दीक्षा आठव्या ओळीत बसली, पहिली मिरची तोडून फूटपट्टीवर ठेवली आणि तिला वाटलं, आपण चुकून पुन्हा सातवीतच बसलोय. ती उठून ओळीच्या तोंडाशी गेली आणि खुंटीवरची पाटी वाचली. पाटी आठवीचीच होती. सातवी ओळ खालापूरच्या डोंगरातल्या एका वाडीच्या बियाची, आठवी कर्जतच्या पूर्वेला, पार भीमाशंकरच्या अंगाला असलेल्या वाडीची. या दोन वाड्यांतल्या माणसांनी एकमेकांची तोंडं पाहिली असतील असंही वाटत नव्हतं. मिरच्या मात्र जुळ्या बहिणींसारख्या होत्या. बोटाहून लांब, शेंड्याला आकड्यासारखा किंचित बाक, देठाची टोपी घट्ट बसलेली, कच्चेपणी काळपट हिरव्या, सगळ्या खाली लोंबणाऱ्या.

नववी ओळ तशीच निघाली. दहावीही. दुपार होईपर्यंत तिनं मोजणं सोडून दिलं आणि नुसती ओळींमधून चालत राहिली. डोंगरातल्या चोवीस वाड्यांच्या चोवीस ओळी लावल्या होत्या. त्यातल्या तीन सोडल्या तर बाकी सगळीकडे तीच एक मिरची होती.

कर्जतबाहेरच्या त्या संशोधन केंद्रावर दीक्षा साहाय्यक होती. लोकांनी पिढ्यान् पिढ्या घरचंच बी धरून टिकवलेल्या मिरच्यांत किती वेगळेपण आहे ते मोजायचं आणि त्यांतून नव्या वाणासाठी आईबाप निवडायचे, असं केंद्राचं काम. बाहेरच्या जिल्ह्यांतून नमुने आले होते. डोंगरातल्या वाड्यांचे नमुने घ्यावेत हा हट्ट मात्र एकट्या दीक्षाचा. तिचे वडील सखाराम वाडीवरच्या शाळेत मास्तर होते. दर शनिवारी दहिवलीला घरी येताना कुणीतरी दिलेल्या मिरच्या पळसाच्या पानात बांधून आणायचे. कधी त्या बोराएवढ्या गोल असत, कधी पांढरट, कधी उभ्या खिळ्यांसारख्या. दीक्षाची आई पुडी सोडायच्या आधी विचारायची, आज कुठली, म्हणजे कालवणात किती घालायच्या ते कळेल. एवढ्या भांडवलावर दीक्षानं हर्षद सरांना पटवलं होतं.

हर्षद सर केंद्राचे पैदासकार, नवे वाण तयार करणारे. आवाज न चढवणारे, पण एकदा खोडलेलं पुन्हा न लिहिणारे. डोंगरातल्या ओळींचं पुढं काय करायचं ते ते या आठवड्याअखेर ठरवणार होते. एकवीस वाड्यांत एकच मिरची असेल तर पुढच्या वर्षी तिची एक ओळ पुरे, असं ते म्हणणार हे दीक्षाला त्यांनी न सांगताच कळत होतं. मग वाड्यांवर पुन्हा कुणी जाणार नव्हतं. आणि त्या पळसाच्या पानातल्या मिरच्या होत्या की नव्हत्या, हा प्रश्नही मिटून जाणार होता.

तिचा पहिला संशय रोपवाटिकेवर गेला. पाऊस उतरल्यावर वाफ्यांत बी टाकताना सरमिसळ झाली असेल. वाफे रोहिदासच्या हाताखाली होते. रोहिदास खालापूरच्या वरच्या एका वाडीचा ठाकर. केंद्रावर बरीच वर्षं मजुरीला होता आणि या तुकड्याचं सगळं तोच बघायचा. दीक्षानं विचारलं तेव्हा तो पाटाचं तोंड फोडत होता. वाफ्यांच्या पाट्या तुमच्याच हातच्या, म्हणाला, मी नुसतं पाणी दिलं. ते खरं होतं. आणखी दोन प्रश्न विचारायच्या आत तो फावडं उचलून पलीकडच्या बांधाला गेला. एरवी तो एवढ्या लवकर बोलणं संपवणारा नव्हता.

दुसरा संशय मधमाश्यांवर. तो ओळ ओलांडायच्या आतच गळून पडला. माश्यांनी पराग इकडचे तिकडे नेले तर मिरच्या एकमेकींपासून वेगळ्या व्हायच्या, सारख्या नव्हे.

तिसरा बाजारावर. सगळ्या वाड्यांनी एकाच दुकानातून बी घेतलं असेल. दुसऱ्या दिवशी ती कर्जतच्या बाजारात गेली आणि दिसेल त्या टोपलीतल्या मिरच्या उचलून फूटपट्टीला लावू लागली. एका भाजीवालीनं तिला तीनदा असं करताना पाहिलं.

"घ्यायचीय का तिचं लगीन जुळवतेस, बाय?" ती म्हणाली. "उंची तर घेतलीस, आता रंग बी बघून घे."

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दीक्षाही हसली. तसा बाक, तशी टोपी असलेली मिरची अख्ख्या बाजारात नव्हती. बियांच्या दुकानातल्या पाकिटांवरच्या चित्रांतही नव्हती. म्हणजे ती विकतची नव्हती. कुणाच्या तरी घरची होती. एकाच घरची. आणि एकवीस वाड्यांपर्यंत ती पायांनी चालत गेली नसणार.

राहिल्या त्या तीन ओळी. त्या संध्याकाळी दीक्षा तिन्हींच्या मिरच्या पुढ्यात घेऊन बसली. एक नेरळच्या वर, माथेरानच्या पायथ्याच्या वाडीची: आखूड, पोट सुटलेली, पिकल्यावर शेंदरी. दुसरी खालापूरकडची: कच्चेपणी जांभळट, उभी. तिसरीची फळं करंगळीच्या नखाएवढी. या तिघींमधे तिला कुठलंच नातं सापडेना. डोंगर वेगळे, माणसं वेगळी. तिसरी ज्या घरची, त्या घराचं तर ठाकरांशी काही घेणंदेणंही नव्हतं, ते कातकऱ्यांचं होतं.

मग तिनं मिरच्या सोडून आपल्या फेऱ्या आठवायला घेतल्या. गेल्या उन्हाळ्यात ती स्कूटरवरून वाड्या फिरली होती. झाडं केव्हाच वाळून गुरांच्या तोंडी गेलेली, म्हणून लोकांनी घरात ठेवलेल्या सुक्या मिरच्याच तिनं बियासाठी घेतल्या. नेरळच्या वर स्कूटर पंक्चर झाली होती, आणि पंक्चर निघेपर्यंत ती भलत्याच घराच्या ओट्यावर बसली होती. खालापूरकडच्या वाडीत ती ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, निरोप जायच्या आधीच पोचली होती, तिचीच चूक. कातकरवाडीत नुसती वाट विचारायला थांबली होती. तिन्ही ठिकाणी ती येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळीकडे आधी निरोप गेला होता.

आणि निरोप घेऊन रोहिदास गेला होता.

सकाळी तिनं त्याला गाठलं तेव्हा तो निंदणी करत होता. ती समोरच्या सरीत बसली आणि तणाचा एक झुपका उपटून बाजूला ठेवला. मग विचारलं, "रोहिदासदादा, निरोपाबरोबर आणखी काय नेलंत?"

त्यानं खुरपं थांबवलं नाही. 

"मिरच्या," तो म्हणाला. "सोनुबाईच्या."

सोनुबाई त्याची थोरली बहीण. विहिरीच्या कडेला तिचा मिरचीचा तुकडा, आणि तिची मिरची पंचक्रोशीत नावाजलेली. रोहिदासनं एक पोतडी भरून घेतली आणि वाडी-वाडीला निरोप देताना ओंजळ-ओंजळ ठेवत गेला. केंद्राची बाई येईल तेव्हा ही द्या, म्हणाला. कुणी का म्हणून विचारलं नाही. वाडीत पाव्हणे येणार असले की सतरंजी एका घरची येते, तांब्या दुसऱ्या घरचा, कपबश्या तिसऱ्या घरच्या, आणि पाव्हणे विचारत नाहीत की ही सतरंजी कुणाची. तसंच हेही. बाईनं विचारलं, घरचीच का, तर लोक हो म्हणाले. सतरंजीबद्दल विचारलं असतं तरी हो म्हणाले असते.

"पण का?" दीक्षा म्हणाली. "मला साधी चालली असती."

"तुमाला चालली असती. केंद्राच्या शेडमधी मिरच्या मांडल्या की कोन कोन बघाया येतं ते ठाव हाय ना?" आता त्यानं खुरपं खाली ठेवलं. "मागं एकानं आमच्या वाडीची बारकी मिरची आनली व्हती. शेडमधले म्हनले, ही काय उंदराची लेंडी. समदे हसले. मी बी हसलो त्यांच्यासंगं. घरी गेलो तर जेवन गोड लागलं नाय."

पलीकडच्या ओळीतून एक साळुंकी उडाली.

"दुसऱ्या जिल्ह्यांच्या मिरच्या हातभर हातभर येऊन बसनार," तो म्हणाला, "आन आमच्या वाड्यांच्या पाटीमागं लेंड्या. मंग मी म्हनलं, आपल्यात बी एक चांगली हाय. तीच दाखवू."

दीक्षाला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. एक वर्ष गेलं होतं. पण रागाच्या आधी मनात एक वेगळाच विचार येऊन बसला: सगळ्यांनी सोनुबाईचीच मिरची दिली, तर त्यांच्या स्वतःच्या मिरच्या अजून त्यांच्या घरातच आहेत.

आता सरांना सांगणं आलं. रोहिदासनं तिला सांगू नका असं म्हटलं नाही. नुसतं विचारलं, सायब काय करतील. दीक्षाला ते ठाऊक नव्हतं. नमुने खोटे निघाले हे कळल्यावर डोंगराचं काम बंद करायला सरांना आयतंच कारण मिळणार होतं. आणि न सांगावं तर एकवीस वाड्यांत एकच मिरची आहे हे खोटं तिच्या सहीनं पुढं जाणार होतं. त्यावर उद्या कुणी विश्वास ठेवील आणि वाड्यांकडे ढुंकूनही बघणार नाही.

हर्षद सर आले ते नेहमीप्रमाणे पँटचे पाय खोचून, थेट तुकड्यात. दीक्षानं बांधावर उभं राहून सगळं सांगितलं, फक्त मिरच्या कुणी वाटल्या ते वगळून. सर ऐकत होते आणि ऐकता ऐकता एका झाडाचं पान उलटं करून बघत होते.

"म्हणजे एकच मिरची मी एकवीस ठिकाणी लावली आणि मला कळलं नाही," ते म्हणाले. "कोणी वाटली?"

दीक्षा उत्तर टाळायला एखादं वळण शोधत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी."

रोहिदास पाटाच्या पलीकडे उभा होता. हातात काही नव्हतं, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ओळींकडे. पुढे ते जे बोलले ते दोघांपैकी कुणालाही अपेक्षित नव्हतं. त्यांनी विचारलं, सगळीकडे अगदी एकाच पोतडीतली का? एकाच घरची, एकाच वर्षाची? रोहिदास हो म्हणाला. दुसरी कुठली त्यात मिसळली नाही ना? नाही, म्हणाला. सर तुकड्याच्या खालच्या टोकाकडे चालू लागले. दोघं मागून गेली.

खालच्या अंगाला बांधापलीकडे कुणाचं तरी जुनं वांग्याचं शेत होतं, आणि तिथून पांढरी माशी येत होती. ही माशी पानांतला रस पिते आणि जाता जाता चुरडा-मुरडा लावून जाते. पानं आखडतात, झाड खुजं होतं, फळ जेमतेम धरतं. या रोगाला टिकणारे आईबाप सरांना हवे होते. पण एखादी ओळ टिकली म्हणजे ती चिवट आहे की नुसती माशीपासून लांब आहे, हे सांगता येत नसे. त्यासाठी एक ओळखीचा वाण तुकड्यात जागोजागी लावावा लागतो. त्याच्यावर रोग किती आहे ते बघून शेजारणीची पारख करायची. सरांनी तसा वाण लावलाही होता. त्याची रोपं लावणीनंतर मर लागून गेली होती, आणि त्या दिवसापासून सर या तुकड्याला मेलेलाच धरून चालले होते.

आता ते खालून वर चालत गेले. सोनुबाईच्या मिरचीच्या खालच्या ओळी पार आखडल्या होत्या. मधल्या निम्म्या. वरच्या जवळजवळ हिरव्या. रोग किती आणि कुठवर आला ते जिन्याच्या पायऱ्यांसारखं स्पष्ट दिसत होतं. आणि अगदी तळाशी, दोन आखडलेल्या ओळींच्या मधे, नेरळच्या वरच्या वाडीची ती पोट सुटलेली मिरची सरळ उभी होती. शेंड्याची दोन-चार पानं तेवढी मुडपलेली. या कोपऱ्यातून दीक्षा कितीतरी वेळा गेली होती. डाव्या-उजव्या ओळी एकाच मिरचीच्या आहेत हे माहीत नसल्यामुळे तिला त्यात काही दिसलं नव्हतं.

"पंक्चरवाली," ती म्हणाली.

सर उकिडवे बसले आणि पाटी वाचली. एका ओळीवरून काहीच ठरत नाही, हे त्यांनी तिला दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा बजावताना ते पुढच्या हंगामाचा आराखडा बोटानं मातीत काढत होते. सोनुबाईची मिरची दर चार ओळींनंतर एकदा. मधे वाड्यांच्या खऱ्या मिरच्या, मिळाल्या तर. मिळाल्या नाहीत तर काम बंद. उठताना ते रोहिदासला म्हणाले की या वर्षीच्या अहवालात खरं काय घडलं तेच लिहिलं जाईल. नाव घातलं नाही तरी चालेल, पण घडलेलं बदलणार नाही.

"घाला नाव," रोहिदास म्हणाला. "पर उंदराच्या लेंड्या बी लिवा."

सर हसले नाहीत. लिहितो, म्हणाले.

पुढच्या रविवारी दीक्षा आणि रोहिदास सोनुबाईच्या वाडीवर गेले. या खेपेला निरोप नव्हता, पण स्कूटरचा आवाज डोंगरात लांबून येतो. त्यामुळे ओट्यापाशी पोचेपर्यंत पाच-सहा बायका जमल्याच होत्या. सोनुबाई कोंबड्यांना कण्या टाकत होती. आपली मिरची एकवीस ओळींत उभी राहिली हे रोहिदासनं तिला आधीच सांगितलेलं दिसलं, कारण तिनं पहिलाच प्रश्न केला, मग पहिली आली का. दीक्षानं समजावून सांगितलं की ती पहिली नाही आणि शेवटचीही नाही. यापुढे ती दर वर्षी सगळ्यांच्या मधे लावतील आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघतील. सोनुबाईनं कण्यांची पाटी खाली ठेवली आणि थोडा विचार केला.

"म्हंजे पास पन नाय न नापास पन नाय," ती म्हणाली. "मास्तरीन झाली गं माझी मिरची."

बायका खळखळून हसल्या. मग दीक्षानं आपलं काम सांगितलं. पाव्हण्यांना दाखवायची मिरची नको, घरी कालवणात पडते ती हवी. हसणं थांबलं. कुणी पदराशी चाळा केला, कुणी सोनुबाईकडे पाहिलं. आमच्याकडे कुठं काय, एक म्हणाली. असलीच तर कोंबड्यांनी ठेवली नसेल, दुसरी म्हणाली. दीक्षाला वाटलं, संपलं सगळं. माणसांना एकदा आपल्या गोष्टीची लाज वाटली की तोंडानं मागून ती मिळत नाही.

रोहिदास ओट्याच्या कडेला बसून विडी पेटवत होता. काडी विझवून तो चिंधीला, सोनुबाईच्या सुनेला, उद्देशून म्हणाला की त्या नेरळच्या वरच्या वाडीची मिरची बुटकी हाय, ढेरपोटी हाय, बाजारात कुणी हात लावायचं नाय, पन केंद्रावर सायब तिच्याम्होरं मांडी घालून बसला. चिखलात. मी डोळ्यांनी बघितला.

"मांडी घालून?" चिंधीनं विचारलं.

"उकिडवे बसले होते," दीक्षा म्हणाली. नेमकं तेच सांगायची तिला सवय होती.

चिंधी आत गेली आणि मूठ झाकून बाहेर आली. मूठ उघडायच्या आधी तिनं सासूकडे पाहिलं, मग उघडली. तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठ्या, लालभडक सुक्या मिरच्या. सुकट परतताना हीच लागते, ती म्हणाली, दुसरीनं सुकटीला चवच येत नाय. त्यावर शेजारीण पुढं झाली. असली आमच्याकडे पण हाय, पण तुमच्यापेक्षा तिखट. तिसरी म्हणाली, तिखट म्हणजे काय ते तुम्हाला अजून ठावच नाय. बघता बघता ओट्यावर तीन ओंजळी पडल्या. तिघींच्या तोंडी तीन वेगळी नावं, आणि आपली ती वेगळीच असा तिघींचा दावा.

दीक्षानं भिंग काढून तिन्ही ढीग पाहिले. देठ, टोपी, टोक, रंग. तिच्या डोळ्याला तिन्ही सारखेच दिसत होते. कुणी कुणाकडून मागून आणली नसेल ना, असं क्षणभर मनात आलं. सगळ्या बायका आता तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ही एकच आहे असं ती म्हणाली असती तर कदाचित खरं असतं, कदाचित नसतं. पान कसं आहे, फूल पांढरं की हिरवट, झाड माशीला किती दाद देतं, हे सुक्या मिरचीवर लिहिलेलं नसतं. तिनं तीन वेगळ्या पुड्या बांधल्या आणि तिघींनी सांगितलेली तिन्ही नावं त्यांवर घातली.

"झाडं उभी आहेत अजून?" तिनं विचारलं.

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पाव्हण्याला दाखवायची ती जागा नव्हती. ती मिरची कुणी लावत नाही, चिंधी म्हणाली, खरकटं टाकतो तिथं आपोआप येते, पाखरं घालतात बी. वाट नाय तिकडं, आन वास बी येतो.

"चालेल," दीक्षा म्हणाली आणि तिनं चपला काढून हातात घेतल्या.

चिंधी पुढं झाली. घरामागून उतार होता. राख, खेकड्यांची कवचं, फुटकी मडकी, आणि त्यांच्यामधून कंबरेएवढं एक झुडूप वर आलं होतं. त्याच्या प्रत्येक फांदीवर मिरच्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. दहा पावलांवर त्या शेजारणीच्या उकिरड्यावर दुसरं झुडूप होतं. दीक्षा पहिल्यापाशी उकिडवी बसली आणि एक पान उलटून पाहिलं. त्यावर बारीक लव होती. मग ती तशीच राखेतून दुसऱ्या झुडपाकडे गेली आणि त्याचं पान उलटलं. ते गुळगुळीत होतं, म्हणजे या दोन मिरच्या खरंच वेगळ्या.

तिनं पुन्हा एकदा हात फिरवून खात्री केली. वरून, ओट्याच्या बाजूनं, ती शेजारीण हाक मारून विचारत होती, काय दिसलं, आमचीच तिखट ना. दीक्षानं तिला खाली बोलावलं.